सुपर हायकॅसचा दिवा वारंवार पेटतो : मागचा रॅक खरोखर गेला आहे का?

घोडबंदरकर :
माझ्याकडे १९९१ ची निसान ३००झेडएक्स आहे. काका इंग्लंडहून कायमचे परतले तेव्हा त्यांनी ती सोबत आणली होती. तिची मागची चाके हायड्रॉलिक सुपर हायकॅस यंत्रणेने वळतात. गेल्या महिन्यात पुढचे टायर बदलले, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करून घेतले, आणि तेव्हापासून पाम बीच रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगात डॅशबोर्डवरचा हायकॅसचा (या यंत्रणेतील बिघाडाचा) दिवा पेटू लागला. पेटण्याआधी क्षणभर मागचा भाग किंचित एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो. पेटल्यानंतर मात्र गाडी मुकाट सरळ चालते. इंजिन बंद करून सुरू केले की दिवा विझतो आणि पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तेच. एका गॅरेजवाल्याने न तपासताच मागचा रॅक (मागची चाके वळवणारा भाग) काढून त्या जागी लॉकबार, म्हणजे ती चाके सरळ जखडून ठेवणारा दांडा, बसवण्याचा सल्ला दिला आहे. त्याआधी काय तपासून घ्यावे?

तुर्भ्याचा फिटर :
दिवा पेटल्यावर गाडी मुकाट चालते, यातच निम्मे उत्तर आहे. हायकॅसच्या कंट्रोलरला (इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाला) सेन्सरच्या संकेतांत विसंगती आढळली की तो मागच्या रॅककडे जाणारा तेलाचा दाब बंद करतो आणि रॅकमधल्या स्प्रिंगा चाके मधोमध आणून धरतात. मागचे बॉल जॉइंट (चाकांना जोडणारे फिरते सांधे) झिजले असते, तर गाडी दिवा पेटल्यानंतरही मागून डुलली असती. म्हणून माझा संशय रॅकवर नाही, स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरवर आहे. ही चाके जास्तीत जास्त एक अंशच वळतात. त्यामुळे संकेतातली छोटी चूकही मागे जाणवते.

या सेन्सरची चकती स्टिअरिंगच्या हबमध्ये अडकून त्याच्याबरोबर फिरते. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग वाकडे राहिले, तर खरे काम पुढच्या टाय रॉडची (रॅकपासून चाकापर्यंतच्या दांड्याची) लांबी जुळवण्याचे असते. घाईत काही जण स्टिअरिंगच काढून स्प्लाइनवर (दांड्यावरच्या दातांवर) एखादा दात सरकवून बसवतात. दिसायला सरळ दिसते, पण सेन्सरचा मध्य आणि पुढच्या रॅकचा मध्य एकमेकांपासून सुटतात, आणि तुम्ही नाकासमोर जात असताना गाडी वळते आहे असे कंट्रोलरला वाटू लागते. रिमच्या माथ्यावर चिकटपट्टी लावा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवून एकूण फेरे मोजा आणि बरोबर निम्म्यावर थांबा. पट्टी माथ्यावर आली नाही, तर चोर सापडला. स्वयंनिदानात (यंत्रणा स्वतःच दोष सांगते त्यात) दिव्याच्या उघडझापीतून मिळणारा कोडही पाहा. त्याचा क्रम सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला आहे.

ऐरोलीचा प्रवासी :
वरील मताशी सहमत आहे, परंतु तेलही पाहावे. या गाडीत पुढच्या पॉवर स्टिअरिंगची आणि मागच्या रॅकची टाकी एकच असते. पातळी उतरत असेल आणि पुढचा रॅक कोरडा असेल, तर मागच्या रॅकचे रबरी बूट (टोकांवरची आवरणे) दाबून आत तेल साठले आहे का ते बघावे. लॉकबारला मी सरसकट नाव ठेवणार नाही. मागचे सील गळत असतील आणि सुटे भाग मिळत नसतील, तर मीही तोच बसवीन. पण तेव्हा पाइप नीट बंद करून मागचे टो (चाके आत-बाहेर किती रोखलेली आहेत तो कोन) पुन्हा जुळवावे लागते, हे कोणी सांगत नाही. (माझ्या मित्राच्या १९८७ च्या होंडा प्रेल्यूडमध्ये तर मागची चाके वळवण्याचे सगळे काम दांड्यांनी आणि गिअरनी चालत असे, ना दिवा ना कोड, गाडीखाली शिरून हाताने ढिलाई शोधायची!)

घोडबंदरकर :
आपण दोघांचेही आभार. पट्टी लावून मोजले, तेव्हा ती माथ्यापासून चांगली चार बोटे डावीकडे थांबली. अलाइनमेंटच्या दुकानात विचारले, तर तिथल्या मुलाने अगदी सहज सांगितले, "स्टिअरिंग तिरके येत होते, म्हणून काढून सरळ बसवले." काल ते मूळ जागी बसवून घेतले, आधी मागची आणि मग पुढची चाके जुळवून टाय रॉड दोन्ही बाजूंनी सारखे केले, आणि बेलापूरपर्यंत दोनदा जाऊन आलो, दिवा पेटला नाही. मागच्या डाव्या बुटावर मात्र तेलकट ओल दिसली. ती पुसून टाकीच्या पातळीवर खूण केली आहे. पंधरा दिवसांनी पाहून इथेच कळवतो.