अनुभव धागा : रेडिओहेडचा आवाज बदलत गेला, तुम्ही सोबत राहिलात का?

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडच्या ‘ओके कम्प्युटर’ या अल्बमची माझी कॅसेट इतकी वाजली होती की शेवटी शेवटी टेप ओढली जाऊन आवाज थरथरायचा. १९९७ पासून तीन वर्षं मी पुढच्या अल्बमची वाट पाहिली. २००० च्या ऑक्टोबरमध्ये ‘किड ए’ आला आणि मी दार लावून, हेडफोन घालून बसले. पहिलं गाणं सुरू झालं ते की-बोर्डवर. गायक थॉम यॉर्कचा आवाज तुकडे करून इकडेतिकडे टाकलेला. म्हटलं, ही सुरुवात असेल, आता गिटार येईल. दुसऱ्या गाण्यात तर त्याचा आवाजही ओळखू येईना. तिसऱ्यात बेस आला, चांगला जाडजूड, पण त्याच्यावर सॅक्सोफोन-ट्रम्पेटचा ताफा एकमेकांच्या अंगावर धावून जात असल्यासारखा वाजत राहिला. चौथ्या गाण्यात साधी अकूस्टिक गिटार ऐकू आली तेव्हा मला रडू आलं. बरं वाटलं म्हणून की राग आला म्हणून, ते आजही सांगता येणार नाही.

पुढे कित्येक महिने तो अल्बम मी लावला नाही. आज तोच मला सगळ्यांत जवळचा आहे, पण त्या पहिल्या रात्री जे दुखलं ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये एकाच शाळेतली पाच मुलं १९८५ मध्ये जमली. थॉम यॉर्क, जॉनी आणि कॉलिन हे ग्रीनवुड बंधू, एड ओब्रायन, फिलिप सेलवे. शुक्रवारी तालीम करायचे म्हणून तेव्हा नावही ‘ऑन अ फ्रायडे’. आजही तीच पाच माणसं आहेत. गायक बदलला, ड्रमर सोडून गेला, म्हणून आवाज बदलला असं इथे झालंच नाही. त्याच माणसांनी आपणहून बदलला. मला वाटतं म्हणूनच तो आपल्याला इतका लागतो.

तर लिहा. कोणत्या अल्बमने तुम्हाला आत घेतलं, कोणत्याने बाहेर काढलं, परत आलात का? कोणता अल्बम श्रेष्ठ हे ठरवायचं नाहीये. ऐकताना तुमचं काय झालं तेवढं सांगा.

*

मी ‘द बेंड्स’वाला. १९९५ चा अल्बम, आणि मी गिटार शिकलो तीच मुळी त्याच्यामुळे. एका बँडमध्ये तीन गिटार असूनही गर्दी कशी होत नाही, हे मला त्या अल्बमने शिकवलं. यॉर्क कॉर्ड्स धरून ठेवतो, ओब्रायन मागे धुकं पसरतो आणि जॉनी ग्रीनवुड मध्येच येऊन सगळं फाडून टाकतो. एकेका गाण्यात कोण काय वाजवतंय ते वेगळं काढायला मी आठवडे घालवले. बोटांना घट्टे पडले.

‘किड ए’नंतर मी थांबलो. परत आलो नाही. आणि हे मी शरमेने सांगत नाहीये.

मला सर्वांत जास्त लागतं ते “तुला तो कळला नाही” हे वाक्य. वीस-पंचवीस वर्षं ऐकतोय. अहो, कळला. त्यांना एका जागी अडकायचं नव्हतं, गिटारचा रॉक त्यांच्यासाठी संपला होता, हे सगळं कळलं. त्यांची गरज खरी होती. पण माझीही खरीच होती. ओब्रायन त्या रेकॉर्डिंगच्या काळात इंटरनेटवर रोजनिशी लिहीत असे. ती वाचताना मला त्याच्याबद्दल फार वाटायचं. गिटारवादक माणूस, आणि बँड म्हणतोय की गिटार नको. मग मी काय करू, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. माझ्यापुढचाही तोच होता. त्याने उत्तर शोधलं, मी नाही शोधलं.

*

थोडक्यात लिहिते. ‘क्रीप’मुळे आले. कडव्याच्या शेवटी, गाणं उसळायच्या आधी, ते जे गिटारवर खाड-खाड वाजतं, त्यासाठी. गाणं फार शांत वाटत होतं म्हणून जॉनी ग्रीनवुडने तसं वाजवलं, असं सांगतात. माझ्यासाठी तेच आघात म्हणजे हा बँड. पुढचं सगळं मान देऊन ऐकलं, पण कुठे जीव जडला नाही. बँडने स्वतः ते गाणं वर्षानुवर्षं मैफिलीत गायचं टाळलं, याचं मात्र वाईट वाटायचं. आम्ही ज्या दारातून आलो ते त्यांनी बंद केल्यासारखं.

*

मी उलटी आले. माझा जन्म झाला तोवर ‘ओके कम्प्युटर’ येऊन गेला होता. दादाच्या सीड्यांमध्ये ‘किड ए’ होता, मुखपृष्ठावरचे ते टोकदार बर्फाळ डोंगर बघून लावला. मला कोणी सांगितलंच नव्हतं की यात गिटार असायला हवी होती. त्यामुळे काही हरवलेलंही नव्हतं. मला वाटलं, हा बँड असाच वाजतो.

मग मागे गेले. ‘ओके कम्प्युटर’ ऐकला तेव्हा तो मला जुना वाटला, ‘द बेंड्स’ आणखी जुना. दादाला हे सांगितलं तर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. पण एक गोष्ट मला त्याच्याआधी दिसली, आणि ती मागून आल्यामुळेच दिसली असं मला वाटतं. ‘ओके कम्प्युटर’चं पहिलंच गाणं घ्या. त्यातले ड्रम्स सरळ वाजवून घेतलेले नाहीत. सेलवेने वाजवलेला काही सेकंदांचा तुकडा संगणकावर कापून-जोडून तो ठेका बनवलाय. त्याच अल्बमच्या मध्यावर एक अख्खा तुकडा संगणकाच्या कृत्रिम आवाजात बोललेला आहे. म्हणजे ज्याला सगळे ‘शेवटचा गिटारचा अल्बम’ म्हणतात त्याच्या पहिल्या मिनिटापासून बदल सुरू झालेला होता. दादा तीन वर्षं तो ऐकत होता आणि गिटारकडे कान लावून बसला होता.

‘द बेंड्स’वाल्या दादांना एक सांगायचंय. ‘किड ए’च्या मधोमध ‘ट्रीफिंगर्स’ नावाचं बिनशब्दांचं गाणं आहे. ते सगळं ओब्रायनच्या गिटारमधून काढलेलं आहे. ताणून, विरघळवून. गिटार तिथे आहे हो. ऐकून बघाल?

*

लहानपणी तबला शिकलो, त्यामुळे कुठलंही गाणं लागलं की बोटं आपोआप मात्रा मोजायला लागतात. रॉक ऐकताना हा कंटाळ्याचा भाग असायचा, कारण बहुतेक सगळं चारात. ‘किड ए’ लावला आणि पहिल्याच गाण्यात चारावर सम येईना. परत मोजलं. दहा. झपतालाचे खंड पाडून बघितले, ते काही बसले नाहीत, वजन वेगळ्या ठिकाणी पडतं. पण दहा म्हणजे दहाच. मी एकटाच खोलीत हसत होतो.

तेव्हापासून या बँडकडे मी गिटार की सिंथेसायझर या वादातून बघितलंच नाही. २००७ च्या ‘इन रेनबोज’चं पहिलं गाणं पाच मात्रांचं आहे, टाळ्यांसकट, आणि इतकं सहज चालतं की न मोजणाऱ्याला कळतही नाही. ‘मॉर्निंग बेल’ दोनदा आलंय, ‘किड ए’वर आणि मग २००१ च्या ‘ॲम्नेझिॲक’वर. पहिल्यात पाच मात्रांचा ठेका स्पष्ट आहे. दुसऱ्यात तोच मजकूर ठेक्याशिवाय, संथ, भारलेल्या स्वप्नासारखा. एकाच बंदिशीचे दोन स्वभाव दाखवावेत तसं. बँड बदलला का, असं मला कोणी विचारलं तर मी ही दोन गाणी लागोपाठ लावतो.

*

हे मी पूर्वी कुठे लिहिलेलं नाही.

‘ॲम्नेझिॲक’वर ‘लाइक स्पिनिंग प्लेट्स’ आहे. मला ते सहन व्हायचं नाही. वाद्यं आत ओढल्यासारखी वाजतात, शब्द तोंडातच वितळतात. दरवेळी पुढे ढकलायचो. नंतर कळलं की ‘आय विल’ नावाच्या दुसऱ्याच गाण्याचं एक रेकॉर्डिंग त्यांना आवडलं नव्हतं, ते उलटं वाजवून पाहिलं आणि त्या उलट्या आवाजातून हे गाणं निघालं. यॉर्कने चालसुद्धा अशी गायली की ती उलटी करून परत सुलटी केल्यावर शब्द त्या विचित्र पद्धतीने ऐकू यावेत. माहिती छान होती, पण गाणं तरीही आवडलं नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांचं मैफिलींचं छोटं ध्वनिमुद्रण आलं, ‘आय माइट बी राँग’. त्यात हे गाणं नुसत्या पियानोवर आहे. यॉर्कने पियानोवर पहिले सूर घेतले आणि मी बसल्या जागी थिजलो. इतकी सुंदर चाल! ती त्या ढवळलेल्या पाण्याखाली पहिल्यापासून होती. मी पुन्हा मूळ रेकॉर्डिंग लावलं आणि आता मला ती ऐकू येत होती. अक्षरन् अक्षर.

तेव्हा मी एका आजारपणातून उठत होतो. माणसांचं बोलणं मला महिनाभर असंच यायचं, आवाज कळायचा, अर्थ नाही. कोणी तरी हे रेकॉर्ड करून ठेवलंय असं वाटलं. पियानोवालं रूप मला रडवतं, पण माझं खरं गाणं उलटंच. साउंड बदलणं हा नखरा आहे असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला हे सांगावंसं वाटतं आणि दरवेळी शब्द अडतात. आज लिहून टाकलं.

*

माझी तक्रार ‘किड ए’बद्दल नाही, २०११ च्या ‘द किंग ऑफ लिंब्ज’बद्दल. मी ड्रम्स वाजवते. ‘इन रेनबोज’नंतर तीन वर्षांहून जास्त काळाने आठ गाणी, जेमतेम ३७ मिनिटं. त्यातही पहिल्या अर्ध्या भागात लूपवर लूप. वाजवलेलं तोडून पुन्हा पुन्हा फिरवलेलं. मला कुठे श्वास ऐकू येईना. सेलवेसारख्या ड्रमरला शिवणयंत्र करून टाकलंय असं वाटलं आणि फार राग आला.

मग त्यांनी तोच अल्बम ‘फ्रॉम द बेसमेंट’ या संगीत कार्यक्रमासाठी प्रत्यक्ष वाजवला. सेलवेच्या जोडीला क्लाइव्ह डीमर, दोन ड्रम सेट, दोघे एकमेकांकडे बघत वाजवताहेत. अल्बमवर जे चिरडून बसलं होतं ते सगळं हातपाय पसरून उभं राहिलं. मी पहिल्या गाण्याचा ठेका दोघांत कसा वाटलाय ते बघून माझ्या जोडीदाराबरोबर बसवलं, तीन आठवडे लागले. आता मूळ अल्बम लावला की मला त्या दोघांचे हात दिसतात. तरीही माझं मत आहे की अल्बम म्हणून तो अपुरा आहे. ऐकणाऱ्याला आधी दुसरीकडे जाऊन शिकून यावं लागू नये.

*

‘हेल टू द थीफ’चं कोणी नावच काढलेलं नाही म्हणून लिहितोय. २००३. अल्बम सुरू होतो तो गिटारची वायर अँप्लिफायरला जोडल्याच्या खरखरीने. दोन अल्बम उपाशी राहिल्यावर ती खरखर! मी जागचा उठून उभा राहिलो. चौदा गाणी जरा जास्त झाली हे मान्य. पण ती पहिली खरखर मला कोणत्याही सोलोपेक्षा प्रिय आहे.

*

‘ट्रू लव्ह वेट्स’ त्यांनी १९९५ मध्ये मैफिलीत पहिल्यांदा गायलं.  मला ते सापडलं ‘आय माइट बी राँग’वर, शेवटचं गाणं, अकूस्टिक गिटार आणि एकटा यॉर्क. लग्नाच्या आधीची वर्षं होती. आम्ही दोघांनी ते एकमेकांना ऐकवलं. गिटार जोरजोरात ओढत, घाबरत, विनवत गायलेलं, जाऊ नकोस म्हणणारं. स्टुडिओत ते कधी नीट का करत नाहीत याची आम्ही वर्षानुवर्षं चर्चा करायचो. प्रत्येक नव्या अल्बमची यादी आली की आधी ते नाव शोधायचं.

२०१६ च्या मे महिन्यात ‘अ मून शेप्ड पूल’ आला. गाणी इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेली, आणि शेवटी ते नाव. तोवर आमचं वेगळं होऊन आठ महिने झाले होते. मी ते रात्री ऐकलं. गिटार नाही. पियानोचे विरळ सूर, हळूहळू एकमेकांवर साचत जाणारे, आणि यॉर्कचा आवाज ज्याच्यात विनवणी उरलेली नाही. तेच शब्द. ज्या माणसाला उद्देशून ते म्हटले होते तो खोलीतून निघून गेल्यावर म्हटलेले.

वर अनेकांनी गिटार गेल्याचं दुःख लिहिलंय. मला समजतं ते. पण हे गाणं त्यांनी २०१६ मध्ये पुन्हा गिटारवर तसंच गायलं असतं, तर मी ते ऐकू शकले नसते. मी त्याला एक पत्र लिहिलं होतं, पाठवायला हवं होतं, पाठवलं नाही. ते रेकॉर्डिंग मी त्याला पाठवलं मात्र. त्याने ऐकलं असं कळवलं. एवढंच.

*

‘द बेंड्स’वाला पुन्हा.

‘ट्रीफिंगर्स’ ऐकलं, सांगितल्याप्रमाणे, तेही दिवे घालवून. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा मी स्वतःची गिटार मांडीवर घेतली आणि त्यात सूर कोणते आहेत ते शोधत बसलो. मिळाले की मिळाल्यासारखे वाटले, नक्की नाही. गिटार अजून ऐकू येत नाहीये मला. उद्या परत लावतो.