मदत हवी आहे: गाणी ऐकायच्या सिस्टीमला मीटरपासून वेगळी लाईन ओढू का?

मंडळी, प्रश्न जरा लांबलाय. पण आधी खर्च करून मग पस्तावण्यापेक्षा इथं विचारलेलं बरं.

मी उदगीरला असतो, ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. घर वडिलांनी 1996 साली बांधलेलं. वायरिंग तेव्हाचंच, फक्त मधे एकदा फ्यूज काढून एमसीबी बसवले. वरच्या खोलीत माझी सिस्टीम आहे: रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प, दोन छोटे स्पीकर, गाण्यांसाठी ठेवलेला जुना कॉम्प्युटर आणि त्याला लावलेला डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲम्पला चालेल असा आवाज करणारा डबा). टीव्हीचा आवाजही त्याच ॲम्पमधून घेतलाय. वडिलांच्या सव्वाशे-दीडशे रेकॉर्ड आहेत, बहुतेक नाट्यसंगीत आणि भीमसेनजी. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

दुखणं असं की स्पीकरमधून सारखं 'घूंऽऽ' येतं. गाणं भरात असलं की लक्षात येत नाही, पण आलाप सुरू झाला की तानपुऱ्यामागं कुणीतरी भलत्याच सुरात तिसरा तानपुरा धरून बसल्यासारखं वाटतं. उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी. मला आधी हा भास वाटला होता, पण गेली दोन वर्षं नीट लक्ष देऊन बघतोय, भास नाही.

दुसरं म्हणजे संध्याकाळी कधी कधी ॲम्पची पेटीच गुरगुरते. तिसरं व्होल्टेज. संध्याकाळी 190 च्या आसपास, रात्री दोनला उठून बघितलं तर 248.

ओळखीच्या वायरमननी सांगितलेला उपाय: मीटरपासून 6 एमएमची स्वतंत्र लाईन, स्वतंत्र एमसीबी, सर्व्हो स्टॅबिलायझर, आणि अंगणात फक्त सिस्टीमसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा, जो घराच्या अर्थिंगला अजिबात जोडायचा नाही. 'शुद्ध अर्थ' म्हणे. सगळं मिळून 28,500. कुणी केलंय का असं? की सरळ वेगळं मीटरच घ्यावं?

नांदेडहून

सर, आमचा मंडप-साउंडचा धंदा आहे. घूं येत असेल तर ॲम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाका. दोन पिनांवर चालवा. आमच्याकडं सगळे असंच करतात. 28 हजार वाचले.

वाळूजहून

वरचा सल्ला कृपया कुणीही ऐकू नये. ती जाड पिन अर्थची आहे. आत ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन जळून फेज पेटीला लागला, तर त्या पिनमधून मोठा करंट जातो आणि एमसीबी पडतो. पिन नसेल तर एमसीबी वर राहतो आणि पेटी 230 व्होल्टवर तुमच्या हाताची वाट बघत बसते. दादा, मंडपात तुमचं नशीब चांगलं निघालं एवढंच.

मी एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. सर, लाईन ओढायच्या आधी थोडी तपासणी करा, पैसा लागत नाही. पहिलं, घूं स्पीकरमधून येतं की पेटीतून, हे वेगवेगळं धरा. ही दोन पूर्ण वेगळी दुखणी आहेत. स्पीकरमधल्यासाठी ॲम्पच्या मागच्या सगळ्या वायरी काढा, फक्त स्पीकर राहू द्या, आणि ऐका. मग एकेक वायर लावत जा. कोणती लावल्यावर सुरू होतं?

दुसरं, पेटी गुरगुरते तेव्हा लाईट असते का?

तिसरं, मल्टिमीटर असेल तर भिंतीतल्या सॉकेटात न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघा. मोजता येत नसेल तर वायरमनला बोलवा, उगाच सॉकेटात तारा खुपसू नका.

आणि एक सांगा. टीव्हीला केबल लावताना-काढताना बोटाला चुणचुण येते का?

धागाकर्ता

आज रविवार, सगळं केलं. ताई, चुणचुणीचं तुम्हाला कसं कळलं? केबलचं पितळी टोक हातात धरून दुसरा हात टीव्हीच्या मागं गेला की झिणझिण्या येतात. मला वाटायचं केबललाच करंट असतो.

वायरी काढल्यावर स्पीकर एकदम शांत. रेकॉर्ड प्लेअर लावला, अगदी बारीक आवाज, कान लावला तरच. कॉम्प्युटर लावला, थोडा वाढला. टीव्ही लावला आणि घूंऽऽ. टीव्ही बंद असला तरी येतं. पण सेट टॉप बॉक्सची केबल नुसती उपटली की गायब!

न्यूट्रल-अर्थ: केबल लावलेली असताना 34, काढल्यावर 87 व्होल्ट. मला वाटलं मीटर बिघडलं, म्हणून शेजाऱ्याचं आणून परत बघितलं. तेच.

पेटीचं म्हणाल तर, हो. गुरगुर लाईट गेल्यावरच होते. ती खोली इन्व्हर्टरवर आहे. इन्व्हर्टर जुना, स्क्वेअर वेव्हवाला.

वाळूजहून

87 म्हणजे मीटर नाही, अर्थिंग बिघडलंय. नीट असतं तर हा आकडा एक-दोन व्होल्टच्या आत हवा.

कॉम्प्युटर, टीव्ही यांच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून पेटीला, एक न्यूट्रलकडून पेटीला. अर्थिंग शाबूत असेल तर त्यातून झिरपणारा करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थ तुटलेला असला की पेटी अधांतरी, दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे 230 च्या निम्म्याला. तीच तुमची चुणचुण. करंट मिलीॲम्पच्याही आतबाहेरचा असतो म्हणून माणूस दचकतो आणि वाचतो. पण याचा अर्थ असा की उद्या खरा फॉल्ट झाला तर एमसीबी पडणार नाही.

आता घूं कसं येतं बघा. घरातल्या सगळ्या यंत्रांचा झिरपलेला करंट जमिनीत जायची वाट शोधतोय. घराची अर्थ बंद. मग तो टीव्हीत येतो, केबलच्या आतल्या तारेभोवती असते त्या जाळीतून खांबावर, तिथून गल्लीभर. जाताना तुमच्या ॲम्प-टीव्हीमधल्या ऑडिओ वायरच्या जाळीतूनही जातो, आणि ॲम्प त्यालाच गाणं समजतो. थोडक्यात, तुमच्या घराचं अर्थिंग सध्या केबलवाल्याच्या तारेतून चाललंय.

मीटरपासून सोन्याची लाईन ओढली असती तरी हे घूं गेलं नसतं.

लातूरहून

ताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलं. उन्हाळ्यात जास्त का, त्याचं मी सांगतो; 30 वर्षं हीच कामं केली, आता पोरगं करतंय.

आपल्याकडची काळी जमीन ओली असली की अर्थिंगला झकास. पण एप्रिल-मेमध्ये ती भेगाळते, खड्ड्यातल्या पाइपाला सोडून मागं सरते. खाली मुरूम आणि काळा दगड, तिथं ओल धरत नाही. म्हणून मीठ-कोळसा घालून वर पाण्याचं नरसाळं ठेवतात, की उन्हाळाभर बादली-अर्धी बादली पाणी ओतत जावं. ओततंय कोण? 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. त्या साली अर्थिंगला पाणी घाला म्हटलं असतं तर लोकांनी मलाच खड्ड्यात घातलं असतं.

पण नुसत्या कोरड्या जमिनीनं 87 होत नाहीत. तार तुटलीय किंवा नटबोल्ट गंजलाय. तुमच्याकडं मधे फरशी, पेव्हर ब्लॉक असं काही बसवलंय का? शंभरात साठ घरांत खड्डा पेव्हरखाली गाडलेला निघतो. आकडा माझ्या अंदाजाचा आहे.

आता त्या 'शुद्ध अर्थ'चं. सर, हे काय करलालाव? घराला एक अर्थ आणि सिस्टीमला दुसरा, आणि दोन्ही जोडायचे नाहीत, हा प्रकार जिवावरचा आहे. मृगाच्या आधीच्या वळवाच्या विजा आठवा. जवळ वीज पडली की दोन खड्ड्यांच्या मधे क्षणभर हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या ॲम्प आणि टीव्हीमधल्या वायरीतून मिटवला जातो. शिवाय एकट्या खड्ड्याचा रेझिस्टन्स समजा 10 ओहम निघाला, तर फॉल्टमध्ये 23 ॲम्पियर जाणार. 16 चा एमसीबी त्याला पडायला कितीतरी वेळ घेईल. म्हणून आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडं गळू लागला की लाईन तोडणारा स्विच, 30 मिलीॲम्पचा, घराला हवाच. नवा खड्डा खुशाल करा, पण तो जुन्याला पट्टीनं जोडा. पाइप करणार असाल तर अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप, चार फुटावर दगड लागला म्हणून कापून टाकू देऊ नका. शेजारी उभं राहा, चहा पाजा.

परभणीहून

स्टॅबिलायझरबद्दल थोडं. 230 चे 190 झाले की साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पची कमाल ताकद अंदाजे दोन-तृतीयांशावर येते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गात घटते. ऐकायला भयंकर वाटतं. पण घरात आपण भीमसेनजी दोन-तीन वॉटवर ऐकतो, तेव्हा काही फरक नाही. रेकॉर्डचा वेगही व्होल्टेजनं हलत नाही. सिंक्रोनस मोटर असेल तर ती 50 हर्ट्झवर चालते, डीसी असेल तर आत रेग्युलेटर असतो. शेतीची थ्री फेज आली, मोटारी सुरू झाल्या, की डीपीवर, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर, व्होल्टेज बसणारच. जास्तीचं व्होल्टेज मात्र घातक. न्यूट्रल डीपीवर सुटला तर 300 च्या वर जातं आणि गल्लीतले टीव्ही एका रात्रीत जातात. स्टॅबिलायझरच्या आधी ओव्हर-अंडर व्होल्टेजचा कटऑफ बसवा, स्वस्त असतो.

वेगळ्या मीटरचा काही उपयोग नाही. दुसरं मीटरही त्याच डीपीवरून, त्याच खांबावरून येणार.

एक जुनी युक्ती सांगतो. छोटा ट्रान्झिस्टर घ्या, आमचं परभणी केंद्र ज्या मिडीयम वेव्हवर लागायचं तोच पट्टा, पण दोन स्टेशनांच्या मधे रिकाम्या जागी ठेवा. घरभर फिरा. ज्या बोर्डाजवळ तो खरखरायला लागेल तिथून लाईनमध्ये खरखरीची घाण शिरतेय. माझ्याकडं पंख्याचा गोल फिरणारा डिमरसारखा रेग्युलेटर निघाला, आणि एक एलईडी बल्ब. रेग्युलेटर बदलून पायरीपायरीचा बसवला, त्यात खरखर नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांनी लिहितोय.

लातूरच्या काकांचा अंदाज तंतोतंत. 2019 ला अंगणात पेव्हर बसवले तेव्हा खड्डा गाडला गेला होता. वृंदावनाच्या मागचे चार ब्लॉक उपटल्यावर सापडला. आतला बोल्ट हातात आला तो अक्षरशः पापड, पदर निघत होते त्याचे. जीआयची तार त्याला टेकलेली होती, जोडलेली नव्हती. वायरमननी ते बघून 'शुद्ध अर्थ'चा विषय स्वतःच सोडला. नवा पाइप घातला, मुरूम लागल्यावर दोन फूट आधीच थांबू बघत होते, मी खुर्ची टाकून बसलो. पूर्ण गेला. जुन्या पाइपाला पट्टीनं जोडला, वर झाकण ठेवलं, पेव्हर परत बसवला नाही.

न्यूट्रल-अर्थ आता 1.2.

घूं बरंच कमी झालं, पण गेलं नाही. म्हणजे केबलची जाळी अजून लुडबुड करतेय ना?

वाळूजहून

बरोबर. आता घराला चांगली अर्थ आणि केबलला खांबावरची, दोन वाटा झाल्या, त्यांचा फेरा तयार झाला. टीव्हीला ऑप्टिकल आउट आहे का? आणि डॅकला ऑप्टिकल इन? असेल तर टीव्ही-ॲम्पची तांब्याची वायर काढून टाका आणि ऑप्टिकलनं डॅकला द्या. त्यात प्रकाश जातो, तांबं नाही, फेराच तुटतो.

लाईनचं म्हणाल तर ओढा, पण 6 एमएम कशाला? खोली बोर्डापासून 20 मीटर धरली तर जाऊन-येऊन 40. 2.5 एमएमचा रेझिस्टन्स साधारण 0.3 ओहम, 4 एमएमचा 0.2. तुमचा ॲम्प दोन ॲम्पियर खाईल, फरक 0.2 व्होल्ट. डीपीपासून घरापर्यंत जे दीड-दोनशे मीटर ॲल्युमिनियम येतं त्यापुढं हे काहीच नाही. 4 एमएम भरपूर झालं. लाईन वेगळी करायचं खरं कारण दुसरं: ती इन्व्हर्टरच्या खडबडीत स्क्वेअर वेव्हवरून बाजूला निघेल आणि ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरची गुरगुर थांबेल. फेज, न्यूट्रल, अर्थ तिन्ही एकाच पाइपातून न्या. न्यूट्रल इन्व्हर्टरच्या न्यूट्रलला कुठंही टेकता कामा नये, नाहीतर आरसीसीबी सारखा पडेल. वर एकच बोर्ड, आणि ॲम्प, डॅक, कॉम्प्युटर, टीव्ही सगळं त्याच बोर्डावर. एमसीबी 16 चा, सी टाइप. ट्रान्सफॉर्मर चालू होताना दचका देतो, त्याला बी टाइप उगाच पडतो.

धागाकर्ता

केलं. 4 एमएम, सी टाइप, आरसीसीबी, कटऑफ, सगळं मिळून 28,500 च्या निम्म्याहून कमी. स्टॅबिलायझर घेतला नाही. ऑप्टिकल वायर बाजारात मिळाली नाही, मागवली, काल आली.

काल रात्री लाईट होती, गल्ली शांत. 'घूं' नाही. रेकॉर्ड लावली तर सुई टेकल्यावर गाणं सुरू व्हायच्या आधीची ती बारीक खरखर ऐकू आली, आणि मग वडिलांच्या रेकॉर्डवरचा एक ओरखडा, जो मला लहानपणापासून माहीत आहे.

हिला मोठ्या कौतुकानं ऐकवायला बोलावलं. ती म्हणाली, छान आहे, पण मला वॉशिंग मशीनला हात लावला की चुणचुण यायची ती थांबलीय. तीन वर्षं सांगत होते म्हणे.