गोव्यातून यूझनेट वापरतं का कोणी अजून?

म्हापसेकर: यूझनेटवर, म्हणजे त्या जुन्या इंटरनेट चर्चागटांवर, परत यायचंय, लाइक-बिइक काही नको, नुसता मजकूर आणि निवांत वाद घालणारी माणसं. गूगल ग्रुप्सने 2024 मध्ये तिथल्या नव्या पोस्ट बंद केल्या, मग आता शिरायचं कुठून?

फोंड्याचो: थंडरबर्ड टाक, तो ईमेलचा प्रोग्राम यूझनेटही वाचतो, इटर्नल सप्टेंबर नावाच्या यूझनेट सर्व्हरवर फुकट खातं काढ, सेटिंगमध्ये सुरक्षित जोडणीचा पोर्ट 563 घाल. आमच्याकडे पावसात लाईट गेली की नेटही जातं, पण उतरवलेले लेख लॅपटॉपवर असतातच, उत्तरं लिहून ठेवायची, नेट आलं की पाठवायची.

डिचोलीकरीण: आणि मालक कोणीच नाही हो! 1979 ला ड्यूक विद्यापीठातल्या पोरांनी काढलेली कल्पना, प्रत्येक सर्व्हर शेजारच्याला लेख देतो, एक बंद पडला तरी चर्चा राहते, मला तर हेच जाम आवडतं. फक्त स्पॅमला फिल्टर आधी लाव.

म्हापसेकर: खातं काढतो आजच. देव बरें करूं!