‘माणूसघाणे’ नको, मग बाबांसाठी कोणता शब्द?

मूळ प्रश्न
बाबांना पुढच्या महिन्यात पंचाहत्तर पूर्ण होतील. नातवंडं छोटी पुस्तिका काढताहेत. त्यात बाबांवर चार ओळी मी लिहायच्यात आणि पहिल्याच शब्दाला अडलेय. भाऊ म्हणतो ‘मनमिळाऊ’ लिही. पण ते कुणात मिसळत नाहीत, लग्नात मांडवाच्या कडेची खुर्ची धरून बसतात. नातेवाईक सर्रास ‘माणूसघाणे’ म्हणतात, ते मला फार लागतं. कोण जेवायचं राहिलंय हे पंगत उठेपर्यंत त्यांनाच ठाऊक असतं. शेवटच्या एसटीने येणाऱ्या पाहुण्याला आणायला रात्री साडेअकराला स्टँडवर तेच जातात. ‘आतल्या गाठीचे’ चालेल का?

प्रतिसाद १
ते मुळीच लिहू नका! आतल्या गाठीचा म्हणजे मनातलं कळू न देणारा, थोडा कावेबाजच. ‘घुमे’ही नको. माणूसघाण्याला माणसांचा तिटकारा असतो, एकलकोंड्याला नुसतं एकटं राहायला आवडतं. तुमचे बाबा दोन्हींत बसत नाहीत. ‘मितभाषी’ चुकीचा नाही, पण त्यात माया कुठे आहे?

प्रतिसाद २
‘भिडस्त’ कसा वाटतो? माझे सासरे तसेच आहेत.

मूळ प्रश्नकर्ती
भिडस्त माणसाला भिडेपोटी ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ म्हणतात ती हीच भीड ना? बाबा तोंडावर ‘नाही’ म्हणतात, तेही एकदाच.

प्रतिसाद ३ (बेळगावहून)
मग ‘अगत्य’ घ्या. पत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ छापतो, ते अगत्य. आमच्याकडे कन्नडमध्ये ‘अगत्य’ म्हणजे गरज. मराठीतही ‘अगत्याचे काम’ म्हणजे जरुरीचं काम. समोरच्याचं येणं, जेवणं, नीट घरी पोचणं हे ज्याला स्वतःच्या गरजेसारखं वाटतं, तो अगत्यशील. त्यासाठी बोलकं असावं लागत नाही. माझी आजी दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलायची, पण दारात आलेला माणूस ताक प्यायल्याशिवाय तिने कधी जाऊ दिला नाही.

मूळ प्रश्नकर्ती
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अगत्यशील भाषणातलं वाटतं, अगत्याचे लिही.” म्हणून लिहिलंय: ‘आमचे बाबा अबोल, पण फार अगत्याचे.’ पुढच्या ओळीत स्टँडवरची रात्र येईल. बेळगावकर, मनापासून आभार.