मिलिंगमधले कटिंग फोर्स: सूत्रावर विसंबायचं की डेटावर?

फ्लूटवाला:
हल्ली मिलिंगमध्ये, म्हणजे फिरत्या टूलने धातू कापताना, लागणाऱ्या कटिंग फोर्सचा अंदाज म्हटलं की लगेच न्यूरल नेटवर्क (डेटावरून शिकणारं मॉडेल), स्पीड-फीड-डेप्थ टाका आणि फोर्स घ्या. मला हे अजिबात पटत नाही. मेकॅनिस्टिक मॉडेलमध्ये, म्हणजे कापण्याच्या भूमितीवर बांधलेल्या सूत्रात, फोर्सचे दोनच भाग आहेत, एक चिप कातरण्याचा, तो चिपच्या जाडीबरोबर वाढतो, दुसरा धार घासण्याचा, त्याला जाडीशी देणंघेणं नाही. जाडी म्हणजे फीड पर टूथ (टूलच्या एकेका धारेमागे, म्हणजे टूथमागे, किती पुढे सरकायचं ते) गुणिले टूथ फिरत ज्या कोनावर आलाय त्याचा साइन. चारपाच फीडला स्लॉट (टूलच्या पूर्ण रुंदीच्या खाचा) मारायचे, डायनॅमोमीटरवर (फोर्स मोजणारं यंत्र) सरासरी फोर्स घ्यायचा, फीडसमोर मांडला की सरळ रेष येते, तिच्या चढावरून कातरण्याचा कोइफिशियंट निघतो आणि फीड शून्यला जे उरतं त्यावरून धारेचा. मग तेच टूल, तेच मटेरियल ठेवून रेडियल डेप्थ (टूल बाजूने किती आत घुसतं ते) बदला किंवा अप मिलिंगचं (धार जॉबच्या सरकण्याविरुद्ध कापते) डाउन (त्याच दिशेने कापते) करा, अंदाज देता येतो. नेटवर्कने जे बघितलंच नाही तिथे ते काय सांगणार?

रनआउट:
सरळ रेष जाड चिपला येते हो, फिनिशिंगला, म्हणजे शेवटच्या बारीक कटला या मग बोलू. ओट्टो किन्झले या जर्मन इंजिनिअरने १९५२ मध्येच दाखवलंय की चिप बारीक झाली की स्पेसिफिक फोर्स (चिपच्या दर चौरस मिमी छेदाला लागणारा फोर्स) वाढतो, त्याच्या सूत्रातला जाडीचा घातांक पाव धरला तर जाडी ०.१६ वरून ०.०१ मिमीवर आली की तो दुप्पट होतो. आणि सरासरीच्या भरवशावर राहणं तर मला धोक्याचंच वाटतं. दोन फ्लूटचं, म्हणजे दोन धारांचं एंडमिल (मिलिंगचं टूल) घ्या, फीड पर टूथ ०.०५ मिमी, टूलचा अक्ष फक्त १० मायक्रॉन सरकलेला, यालाच रनआउट म्हणतात. वाईटात वाईट कोनात एक टूथ ०.०७ ची चिप काढतो आणि दुसरा ०.०३ ची. सरासरी जवळपास तीच राहते, पण टूल सरासरीने मोडत नाही, पीकने, म्हणजे सर्वांत मोठ्या क्षणिक फोर्सने मोडतं!! वर तुमचे कोइफिशियंट नव्या टूलचे, धार झिजली की घासण्याचा भाग वाढत जातो. हे सगळं मोजलेल्या डेटात असतं, सूत्रात नसतं.

चिपजाडी:
@रनआउट डेटात असतं खरं, पण अजून काय काय असतं तेही बघा. १२,००० आरपीएम, चार फ्लूट, म्हणजे टूथ पासिंगच (सेकंदाला किती टूथ कापून जातात ते) ८०० हर्ट्झ, आणि त्याचे हार्मोनिक्स (त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) वेगळेच. जॉब (कापायचा तुकडा) बांधलेल्या डायनॅमोमीटरची नॅचरल फ्रिक्वेन्सी (ज्या फ्रिक्वेन्सीला तो स्वतःच जास्त थरथरतो) त्यातल्या एखाद्या हार्मोनिकजवळ आली की तो फोर्स फुगवून दाखवतो. नेटवर्क मग कटिंग शिकत नाही, बांधणीचं कंपन शिकतं, उद्या जड जॉब लावला की सगळं बदललं.

रनआउट:
त्यासाठी सिग्नल आधी दुरुस्त करता येतो, डायनॅमोमीटरचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कोणत्या फ्रिक्वेन्सीला तो किती फुगवतो ते) मोजून. आणि रोजच्या कामात डायनॅमोमीटर कुठे असतो, स्पिंडल पॉवर (टूल फिरवायला लागणारी पॉवर) असते, ती मशीन आपोआप देतं.

फ्लूटवाला:
स्पिंडल पॉवरमधून टँजेन्शियल फोर्सचा (टूथ फिरतो त्या दिशेतला) अंदाज येतो, तोही सरासरी. एकेका टूथचा पीक तिथे पोचतच नाही, म्हणजे वर तुम्ही ज्या पीकचा मुद्दा काढलात तोच यात हरवला. आणि रनआउट मॉडेलमध्ये घालता येतो की, अनोळखी राशी दोनच, अक्ष किती सरकला आणि कोणत्या कोनात. सरासरी सोडून पूर्ण वेव्हफॉर्मवर (फोर्सचा क्षणाक्षणाचा आलेख) फिट करा, दोन्ही मिळतात. झिजेचं मान्य, ती सूत्रात नीट बसत नाही, तेवढा उरलेला फरक नेटवर्कला शिकू द्या, माझी ना नाही. पण जी भूमिती आपल्याला आधीच माहीत आहे ती त्याला शून्यापासून का शिकवायची?

रनआउट:
एवढ्याला माझी हरकत नाही. पण पातळ भिंतीचं काय? भिंत फोर्सने मागे सरते, चिपची जाडी बदलते, त्याने फोर्स बदलतो, परत भिंत सरते. आणि मटेरियल निघेल तशी ती अजून लवचिक होत जाते. तुमची भूमिती कडक टूल आणि कडक जॉब धरून आहे. तिथे आधी फोर्स की आधी डिफ्लेक्शन (भिंतीचं हे मागे सरणं), ते मांडून दाखवा, मग पुढे बोलू.