शब्दचर्चा : ‘अनियमित’ क्रियापद, इटालियनमधलं आणि आपलं

प्रश्न

इटालियन शिकायला लागून सहा महिने झाले. वर्तमानकाळ कसाबसा पार पडला, पण आता ‘कोन्जुन्तीवो’ (इच्छा, शंका, आदर दाखवणारी रूपं) आणि ‘पास्सातो रेमोतो’ (दूरचा भूतकाळ) सुरू झालेत आणि वर्गात एकच उत्तर मिळतं: अनियमित आहेत, पाठ करा. यांत काहीच तर्क नसतो का? दुसरी शंका शब्दाची. शाळेत आम्हाला ‘अनियमित क्रियापदे’ म्हणून आहे, नाही, नको, पाहिजे ही शिकवली होती. ‘जाणे’चं ‘गेला’ होतं, त्याला कोणी अनियमित म्हटल्याचं आठवत नाही. मग ‘आंदारे’ (जाणे) याचं ‘वादो’ (मी जातो) होतं त्याला हाच शब्द वापरावा का? आणि ‘कोन्जुन्तीवो’ला मराठीत काय म्हणायचं?

उत्तर

आधी शब्दाचं बघू. तुमची शंका अगदी रास्त आहे, कारण मराठीत ‘अनियमित’ या एका शब्दावर दोन अर्थ लादले गेलेत. शालेय व्याकरणातली ‘अनियमित’ किंवा ‘गौण’ क्रियापदं म्हणजे काळ-अर्थाचे नेहमीचे प्रत्यय ज्यांना लागत नाहीत ती. ‘नको’ भूतकाळात चालवून बघा, चालत नाही. ‘नको होतं’ असा आधार घ्यावा लागतो. अशांना इटालियनमध्ये वेगळं नाव आहे, ‘दिफेत्तीवी’, म्हणजे ज्यांची काही रूपंच नाहीत ती. ‘सोलेरे’ (सवय असणे) याला भविष्यकाळ नाही. ‘बिझोन्या’ जवळजवळ नेहमी तृतीयपुरुषी एकवचनातच भेटतं, आणि ‘बिझोन्या आंदारे’चं भाषांतर आपलं ‘जायला पाहिजे’ हेच होतं.

‘आंदारे–वादो’ हे प्रकरण निराळं आहे. इथे रूप गैरहजर नसतं, मूळ धातूच्या जागी दुसरा येऊन बसतो. त्यासाठी आपल्याकडे फार जुना आणि नेमका शब्द आहे: आदेश. संस्कृतात गम् चा गच्छ् होतो, स्था चा तिष्ठ् होतो. मराठीत जा चा भूतकाळात ‘गे’ होतो, ये चा ‘आ’, कर चा ‘के’, मर चा ‘मे’. ‘जाणे’ आलं संस्कृत ‘या’ (जाणे) ह्या धातूपासून आणि ‘गेला’ आलं गम् च्या ‘गत’पासून, एका क्रियापदात दोन धातू सुखाने नांदतात. इटालियन ‘आंदारे’तही तेच झालंय, ‘वादो’ हे लॅटिन ‘वादेरे’ या वेगळ्याच क्रियापदाचं आहे. म्हणून मी शिकवताना ‘अनियमित’ म्हणते ते केवळ पुस्तकांत तसं छापतात म्हणून. समजावून सांगताना मात्र ‘इथे आदेश होतो’ असंच म्हणते, आणि संस्कृत शिकलेल्या मुलांच्या चेहऱ्यावर लगेच ओळख दिसते.

आता तर्काचं. तर्क आहे, आणि बराचसा एका गोष्टीत आहे: आघात कुठे पडतो. ‘आंदारे’चा वर्तमानकाळ मोठ्याने म्हणा: वादो, वाइ, वा, आंदियामो, आंदाते, वान्नो. आघात धातूवर असेल तिथे ‘वाद्’, आणि तो सरकून प्रत्ययावर गेला की ‘आंद्’. ‘आंदियामो’त जोर ‘या’वर आहे, ‘आंदाते’त ‘दा’वर. ही एकच किल्ली घेऊन पूर्ण क्रियापद उघडा. अपूर्ण भूतकाळ ‘आंदावो’, जोर ‘दा’वर, म्हणून आंद्. भविष्यकाळ ‘आंद्रो’, जोर शेवटी, म्हणून आंद्. पास्सातो रेमोतो ‘आंदाइ’, तेच. कोन्जुन्तीवो ‘वादा’, जोर धातूवर, म्हणून पुन्हा वाद्. पण त्याच कोन्जुन्तीवोत आम्ही-तुम्ही आले की ‘आंदियामो, आंदियाते’. ज्याला सगळ्यात उनाड क्रियापद म्हणतात ते सगळ्या काळांत आणि अर्थांत एवढं शिस्तीने वागतं!

‘उशीरे’ (बाहेर पडणे) बघा: एस्को, एशी, एशे, उशामो, उशीते, एस्कोनो. ‘मोरीरे’ (मरणे): मुओयो, मुओरी, मुओरे, मोरियामो, मोरीते, मुओयोनो. आघात असेल तोवर ‘मुओ’ असा भरीव स्वर, आघात हलला की साधा ‘मो’. आपल्याला हे परकं वाटायला नको. मूल–मुलाला, फूल–फुलांचा, गूळ–गुळाचा यांत आपण रोज हेच करतो. पुढे काही जोडलं की धातूतला किंवा शब्दातला स्वर अंग चोरतो. आपल्याकडे कारण आघाताचं नाही, अक्षर शेवटचं राहत नाही हे आहे, पण कानाला सवय तीच लागते. एकच काळजी घ्यायची: ‘एस्कोनो’ आणि ‘मुओयोनो’ यांत शेवटी प्रत्यय लांब असला तरी जोर पहिल्याच अक्षरावर असतो. मराठी माणूस तो सहज मधल्या ‘को’वर टाकतो आणि मग नियमच सापडत नाही.

दुसरी किल्ली फारे (करणे), दीरे (सांगणे, म्हणणे), बेरे (पिणे) यांच्यासाठी. यांचं खरं तर मूळ रूपच आखडलेलं आहे. लॅटिनमध्ये ती ‘फाकेरे’, ‘दीकेरे’, ‘बीबेरे’ होती, मधलं अक्षर झिजलं. पण अपूर्ण भूतकाळात जुनं अंग जसंच्या तसं वर येतं: फाचेवो, दिचेवो, बेवेवो. ‘करत असताना, म्हणत असताना’ सांगणारी रूपं फाचेन्दो, दिचेन्दो, बेवेन्दो. ‘जर’च्या वाक्यातली फाचेस्सी, दिचेस्सी, बेवेस्सी. म्हणजे नाव लहान झालंय, घराणं तेच आहे. आणि घराण्यावरून आठवलं, लॅटिन ‘बीबेरे’ आणि आपलं ‘पिबति’ सख्खे आहेत. ‘दारे’ म्हणजे दा, ‘स्तारे’ म्हणजे स्था. असणे या अर्थाच्या ‘एस्सेरे’त तर आपल्या ओळखीचे तीन धातू एकत्र राहतात: ‘ए’ (आहे) हे अस्ति, ‘फुइ’ (होतो) हे भू, आणि ‘स्तातो’ हे स्था. आपलं ‘होतो’सुद्धा भू चंच. ‘फुइ’ आणि ‘होतो’ एका धातूचे आहेत हे मला कळलं त्या दिवशी मी एस्सेरेची सगळी रूपं वहीत पुन्हा पहिल्यापासून लिहून काढली, आणि ती नंतर कधी विसरले नाही.

पास्सातो रेमोतोची भीती वाटते कारण ‘लिहिणे’सारखं साधं क्रियापदही तिथे दोन तोंडांनी बोलतं: स्क्रिस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रिस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रिस्सेरो. मी, तो आणि ते यांची रूपं वाकडी, बाकी तीन सरळ. पुन्हा आघातच! ‘स्क्रिस्सी’त तो धातूवर, ‘स्क्रिवेस्ती’त प्रत्ययावर. म्हणून फक्त ‘मी’चं रूप लक्षात ठेवायचं, उरलेली पाच आपोआप येतात. उत्तर इटलीत बोलताना हा काळ क्वचितच कानावर पडतो, सिसिलीत मात्र भरपूर. वाचताना तर तो टाळताच येत नाही. गावोगावच्या जुन्या घरांवर संगमरवरी पाट्या असतात, ‘क्वी नाक्वे’ (इथे जन्मला), ‘क्वी विस्से’ (इथे राहिला), ‘क्वी मोरी’ (इथे वारला). कवी दान्तेबद्दल लिहायचं तर १२६५ साली फिरेन्झेत (फ्लॉरेन्समध्ये) ‘नाक्वे’ आणि १३२१ साली रावेन्नात ‘मोरी’. एवढी तीन रूपं आली की अर्ध्या पाट्या वाचता येतात.

भविष्यकाळाबद्दल थोडक्यात. त्याचं अंग आणि ‘कोन्दित्सियोनाले’चं (अटीवर अवलंबून असलेलं सांगणाऱ्या रूपांचं) अंग नेहमी एकच असतं: आंद्रो–आंद्रेइ, वेर्रो–वेर्रेइ, साप्रो–साप्रेइ. फक्त ‘वेर्रो’ (येईन) आणि ‘वेद्रो’ (बघेन) यांची गल्लत करू नका. ‘वेनीरे’तला न पुढच्या र मध्ये मिसळून र्र झालाय, ‘तेनेरे’ (धरणे) याचं ‘तेर्रो’ होतं तसाच.

कोन्जुन्तीवोला मराठीत काय म्हणायचं? माझं उत्तर असं की एका शब्दात भागणार नाही. दुकानात शिरलं की मालक म्हणतो, ‘मी दीका’. हे ‘दीरे’चं कोन्जुन्तीवो, आदराने वापरलेलं. शब्दाला शब्द ठेवला तर ‘आपण मला सांगावं’. म्हणजे हा आपला विध्यर्थ! यावं, सांगावं, ऐकावं असं आपण मोठ्यांना म्हणतो तसंच वेंगा, दीका, सेंता. रूप करायचं तर ‘मी’च्या वर्तमानकाळातून: वेंगो–वेंगा, एस्को–एस्का, फाच्चो–फाच्चा. एस्सेरे, आवेरे (जवळ असणे), सापेरे (माहीत असणे), दारे, स्तारे ही पाच मात्र सिया, आब्बिया, साप्पिया, दिया, स्तिया अशी वेगळी शिकावी लागतात. ‘तो यावा अशी माझी इच्छा आहे’, ‘त्याने लवकर यावं असं वाटतं’ इथेही विध्यर्थ चपखल बसतो. पण ‘तो आजारी आहे असं मला वाटतं’ इथे इटालियन ‘सिया’ वापरते आणि आपण सरळ ‘आहे’ म्हणतो. तिथे विध्यर्थ हे नाव दिशाभूल करेल. म्हणून वर्गात मूळ नाव ठेवावं, आणि उदाहरण देताना जिथे विध्यर्थ आहे तिथे तसं सांगावं.

उपप्रश्न

आघाताचं पटलं, आजच दहा क्रियापदं तपासली. पण ‘मला कळलं असतं तर आलो असतो’ यात मी दोन्हीकडे ‘आव्रेइ’, ‘सारेइ’ (आवेरे, एस्सेरे यांची कोन्दित्सियोनाले रूपं) घालते आणि प्रत्येक वेळी लाल रेघ येते. का?

उत्तर

कारण आपला संकेतार्थ दोन्ही वाक्यांत एकच रूप वापरतो: कळलं असतं, आलो असतो. इटालियन तिथे दोन अर्थ वाटून घेते. ‘से’च्या (जर) वाक्यात कोन्जुन्तीवो, परिणामाच्या वाक्यात कोन्दित्सियोनाले: ‘से आवेस्सी सापुतो, सारेइ वेनुतो.’ ही चूक तुमची एकटीची नाही, मराठीतून विचार करणाऱ्या प्रत्येकाकडून ती होते. ‘से’च्या पाठोपाठ ‘आव्रेइ’ किंवा ‘सारेइ’ लिहायला हात गेला की थांबायचं, एवढीच युक्ती. बोलताना इटालियन माणसं ‘से लो सापेवो, वेनीवो’ असं दोन्हीकडे अपूर्ण भूतकाळ घालूनही म्हणतात. ते ऐकून ओळखावं, परीक्षेत लिहू नये.

आणि तुमचं नाव स्त्रीलिंगी दिसतंय म्हणून सांगते, ‘वेनुतो’ नाही, ‘वेनुता’. मी आले, मी आलो हा भेद इटालियन तसाच पाळते: सोनो वेनुता, सोनो वेनुतो. इंग्रजीतून इटालियनकडे येणाऱ्यांना हे पाठ करावं लागतं, आपल्या जिभेला ते आधीच येतं. ‘ती कविता? मी वाचली’ याचं ‘लो लेत्ता’ होतं, कर्ता पुरुष असला तरी. क्रियापद कवितेचं लिंग घेतं, थेट आपल्या कर्मणी प्रयोगासारखं. फक्त ‘मी झोपले’ म्हणताना जपा. तिथे इटालियन ‘आवेरे’ लावते, ‘ओ दोर्मीतो’, आणि म्हणणारी बाई असली तरी ‘दोर्मीतो’च राहतं.