चुनखडी जमिनीत खोडव्याचा ऊस पिवळा-पांढरा पडतोय

प्रश्न: खोडवा, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस. माती काळी, सामू (पीएच) ८.४, मुक्त चुना १२ टक्के, क्षारता कमी. कोवळी पाने पिवळी, शिरा मात्र हिरव्या. युरिया देऊनही फरक नाही. जिप्सम टाकू का?

उत्तर १: जिप्सम नको! ते चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या जमिनीसाठी. तुमच्याकडे चुना आधीच भरपूर आहे. हा केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. नत्र कमी असते तर जुनी पाने आधी पिवळी झाली असती. मातीत लोह असते, पण या सामूला ते विरघळत नाही, मुळांना मिळत नाही.

आता फवारणी करा: १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट (लोहाचे मीठ), १० ग्रॅम सायट्रिक आम्ल. आधी आम्ल विरघळवा. फेरस सल्फेटचे खडे हिरवे हवेत, तांबूस झालेले घेऊ नका. संध्याकाळी फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. लोह पानातून पानात फारसे सरकत नाही, म्हणून नवा पाला आला की परत पिवळेपणा दिसतो.

उत्तर २: जमिनीतून द्यायचे तर एकरी १० किलो फेरस सल्फेट शेणखतात आठवडाभर मुरवून सरीत, मुळांजवळ. नुसते फेकले तर वाया जाते. चिलेट, म्हणजे लोह विरघळलेले ठेवणारे खत, घेताना ईडीटीए प्रकार नको, या सामूला तो टिकत नाही, ईडीडीएचए प्रकार घ्या.

प्रश्नकर्ता: गंधकाने सामू उतरेल?

उत्तर २: अख्ख्या शेताचा नाही. चुना आहे तोवर सामू उतरत नाही. वरच्या १५ सेंमी थरातला फक्त १ टक्का चुना संपवायला एकरी जवळपास ३ टन गंधक लागेल. सरीत थोडे दिले तर मुळांभोवती उपयोग होतो. आणि पाणी साचू देऊ नका, त्याने केवडा वाढतो.